साप्ताहिक मांगा आणि वाचकांचे पोस्टकार्ड

बारा-तेरा किंवा चोवीस-पंचवीस भागांचा एक हंगाम आणि मग पुढच्या हंगामाची लांबलचक प्रतीक्षा, ही ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, पाहणाऱ्यांच्या अंगवळणी पडलेली रीत फार जुनी नाही. यांतल्या अनेक कथांचा मूळ साचा दूरचित्रवाणीवर नव्हे, तर हलक्या, खरखरीत कागदावर छापल्या जाणाऱ्या मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, साप्ताहिकांत घडला आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधल्या ओसाकात मुलांसाठी स्वस्त चित्रकथा निघत. त्यांच्या भडक लाल मुखपृष्ठांमुळे त्यांना ‘आकाहोन’, म्हणजे लाल पुस्तके, म्हटले जाई. मांगा चित्रकार ओसामु तेझुका यांचे नाव १९४७ मध्ये गाजले ते अशाच एका पुस्तकामुळे. पुढे मांगा मुख्यतः मासिकांत स्थिरावला आणि १७ मार्च १९५९ रोजी ‘शोनेन मॅगझिन’ व ‘शोनेन संडे’ ही दोन प्रतिस्पर्धी साप्ताहिके एकाच दिवशी बाजारात आली.

‘शोनेन जंप’ या स्पर्धेत उशिरा, १९६८ मध्ये, आधी पाक्षिक म्हणून उतरले आणि पुढच्या वर्षी साप्ताहिक झाले. नावाजलेले चित्रकार आधीच इतरांकडे गुंतलेले असल्यामुळे त्याने नवोदितांना हाताशी धरले आणि त्यांच्यातून निवड करण्याचे काम वाचकांवर सोपवले. अंकातले पोस्टकार्ड कापायचे, आवडत्या तीन कथा नोंदवायच्या आणि ते टपालात टाकायचे, एवढेच वाचकाने करायचे. सोबत बक्षिसाचे आमिष असेच. ही मोजणी मात्र निर्दय होती, कारण सतत तळाशी राहिलेली कथा काही वेळा दहा-बारा आठवड्यांतच गुंडाळली जाई.

या कौलाने कथेला कसे वळण दिले, हे ‘जंप’मधल्या ‘ड्रॅगन बॉल’ या कथेत स्पष्ट दिसते. १९८४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिचा सांगाडा ‘पश्चिमेची यात्रा’ या चिनी कादंबरीचा, म्हणजे आपल्याला इतिहासाच्या पुस्तकात भेटलेल्या ह्यूएन त्संगच्या भारतयात्रेवर रचलेल्या अद्भुत कथेचा होता. वाचकांचा प्रतिसाद मंदावल्यावर तिचे चित्रकार अकिरा तोरियामा आणि त्यांचे संपादक यांनी प्रवास बाजूला ठेवून नायकाला गुरूकडे कसरतीला धाडले आणि कुस्तीच्या फडासारख्या स्पर्धेत उतरवले. तिथून कथेची लोकप्रियता वाढत गेली. प्रशिक्षण, स्पर्धा आणि आणखी बलाढ्य प्रतिस्पर्धी हा आज सरधोपट वाटणारा क्रम केवळ कल्पनादारिद्र्यातून आला, असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल.

ॲनिमेची अडचण वेगळी होती. मांगा दर आठवड्याला पुढे सरकत असतानाच मालिकाही दर आठवड्याला प्रसारित होत असल्यामुळे ती मूळ कथेच्या अगदी जवळ येऊन ठेपे; मग दोन योद्धे एकमेकांकडे बराच वेळ नुसते पाहत उभे राहत किंवा मूळ कथेत नसलेले भाग घुसडावे लागत. चाहते त्यांनाच ‘फिलर’ म्हणतात. हंगामांची पद्धत रुळल्यावर ही घाई उरली नाही: ‘डेमन स्लेयर’चा मांगा २०१६ मध्ये सुरू झाला, तर ॲनिमे २०१९ मध्ये, तोही पहिल्या हंगामात २६ भागांवर थांबणारा.

‘जंप’चा खप १९९४ च्या अखेरीस ६५ लाख ३० हजार प्रतींवर पोहोचला होता; २०१७ मध्ये तो २० लाखांखाली आला. दरम्यान २०१४ मध्ये ‘जंप’च्याच प्रकाशनसंस्थेने ‘जंप प्लस’ हे ॲप सुरू केले. तिथे छापील अंकासारखे पानांचे बंधन नाही आणि दर आठवड्याची सक्तीही नाही. ‘स्पाय फॅमिली’ २०१९ पासून तिथे साधारणपणे आठवड्याआड प्रकाशित होते.