चक्कर थांबली तरी डोकं का चालत नाही?

चक्कर म्हटलं की आपल्याकडे बीपी, अशक्तपणा नाहीतर मानेचा स्पॉन्डिलायटिस, आणि रिपोर्ट नॉर्मल आले की "मनावर घेऊ नका" म्हणून घरी पाठवायचं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण महिनोन्‌महिने तोल बिघडलेला माणूस विसरायला लागतो, धास्तावतो, ते मनाचे खेळ नसतात.

तोल सांभाळण्यात कानाचाही मोठा वाटा असतो. प्रत्येक कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, डोकं वळलं की त्यातला द्रव हलतो आणि आपण कुठे वळलो ते मेंदूला कळतं. हा सिग्नल फक्त डोळे आणि पायांसाठी नसतो, तो मेंदूतल्या रस्ते-जागा लक्षात ठेवणाऱ्या भागापर्यंत, हिप्पोकॅम्पसपर्यंत जातो आणि भीतीशी संबंधित अमिग्डलापर्यंतही पोचतो. 2005 मध्ये जर्मनीतले मेंदूविकारतज्ज्ञ थॉमस ब्रांट यांच्या टीमने दोन्ही कानांची तोलाची यंत्रणा गेलेले 10 पेशंट तपासले तर त्यांचा हिप्पोकॅम्पस साधारण 17 टक्के लहान निघाला, कॉम्प्युटरवरच्या आभासी जागेत रस्ता शोधताना ते चुकत होते, बाकी स्मरणशक्ती मात्र ठीक.

दुसरी गोष्ट म्हणजे लक्ष. एरवी उभं राहायला, चालायला आपल्याला विचार करावा लागत नाही, पण कानाचा सिग्नल बेभरवशाचा झाला की मेंदू डोळ्यांवर विसंबतो आणि प्रत्येक पावलावर लक्ष ठेवत बसतो. मग सुपरमार्केटमध्ये दोन्ही बाजूंना रंगीत पाकिटांचे रॅक, वर ट्यूबलाइट, समोरून ट्रॉल्या, अशात माणूस ट्रॉलीचा दांडा घट्ट धरून उभा राहतो आणि घ्यायचं काय होतं तेच आठवत नाही. घरचे म्हणतात लक्ष नाही तुझं. अहो, सगळं लक्ष पडू नये यातच खर्च होतंय!

पडायची भीती वाटते म्हणून बाहेर जाणं कमी, हालचाल कमी म्हणून मेंदूला सराव नाही, त्यातून चक्कर आणि भीती दोन्ही वाढतात. तीन महिने किंवा जास्त टिकणाऱ्या अशा एका आजाराला पीपीपीडी (पर्सिस्टंट पोश्चरल-पर्सेप्च्युअल डिझीनेस) म्हणतात, त्याचे निकष 2017 मध्ये ठरले. त्यावर तोलाचे व्यायाम, समुपदेशन आणि काहींना डिप्रेशनवरची औषधं उपयोगी पडतात, तेव्हा कान-नाक-घसा डॉक्टरांकडे गेलात की विसरभोळेपणा आणि धास्तीसुद्धा न लाजता सांगा. आणि चक्कर दाबणारी गोळी महिनोन्‌महिने चालू असेल तर ती अजून लागते का हेही विचारा, कारण अशा गोळ्या फार दिवस घेतल्या तर मेंदूचं जुळवून घेणं मंदावू शकतं.