सेव्ह फाइल आधी मोजा, मग हलवा

गेम बॉय अॅडव्हान्सवरच्या पोकेमॉन एमराल्डची सेव्ह फाइल, म्हणजे खेळाची प्रगती साठवणारी फाइल, १,३१,०७२ बाइटांची असते. हा आकडा कुठल्या प्रोग्रामरने ठरवलेला नाही. खऱ्या काडतुसात १ मेगाबिटची फ्लॅश चिप होती आणि १ मेगाबिट म्हणजे तेवढेच बाइट (१२८ केबी). एम्युलेटरने, म्हणजे कन्सोलची नक्कल करून गेम चालवणाऱ्या प्रोग्रामने, ही चिप चुकून ६४ केबीची धरली, तर गेम सुरू होताच ‘वन-एम सब-सर्किट बोर्ड बसवलेला नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो आणि सेव्ह होत नाही. बोर्ड वगैरे काही बसवायचा नसतो. गेम आपली चिप शोधत असतो, एवढेच. हातातल्या कन्सोलवरचा खेळ संगणकावर नेताना येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ इथे आहे: सेव्ह फाइल ही चिपची जशीच्या तशी प्रत असते, पण ती कुठल्या चिपची हे तिच्यात कुठेही लिहिलेले नसते.

सुरुवात काडतुसातल्या बॅटरीपासून झाली. १९८७ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’च्या काडतुसात स्मृतीची चिप आणि ती जिवंत ठेवणारी नाण्याएवढी बॅटरी होती. बंद करताना रीसेटचे बटण दाबून धरा, अशी सूचना असे, कारण वीज जाता जाता प्रोसेसर त्या चिपवर काहीबाही लिहून ठेवू शकत होता. गेम बॉयने हीच पद्धत खिशात आणली. १९९६ च्या पहिल्या पोकेमॉन गेममध्ये ३२ केबी एसरॅम (वीज गेली की पुसली जाणारी स्मृती) आणि ३ व्होल्टची बॅटरी होती. बॅटरी मेली की खेळ गेला. २००१ च्या गेम बॉय अॅडव्हान्सवर मात्र तीन वाटा झाल्या: ३२ केबीची एसरॅम, ५१२ बाइट किंवा ८ केबीची ईईप्रॉम, आणि ६४ किंवा १२८ केबीची फ्लॅश. शेवटच्या दोन बॅटरीशिवायही टिकतात. म्हणून फ्लॅशवाल्या पोकेमॉन रुबी-सफायरमधली बॅटरी संपली तरी फक्त घड्याळ थांबते, सेव्ह शाबूत राहते.

काडतुसात कुठली चिप आहे हे गेमच्या शीर्षभागात नोंदवलेले नाही. एम्युलेटर लिहिणाऱ्यांनी मग दोन युक्त्या काढल्या. निन्टेन्डोच्या सेव्ह-लायब्ररीचे नाव (‘फ्लॅश-वन-एम’, ‘ईईप्रॉम’ असे) रॉममध्ये (काडतुसातल्या गेमच्या फाइलमध्ये) मजकूर म्हणून सापडते, ते शोधायचे. दुसरी युक्ती म्हणजे गेमच्या चार अक्षरी कोडावरून यादीत बघायचे. व्हिज्युअलबॉयअॅडव्हान्स या एम्युलेटरची अशी यादी ‘व्हीबीए-ओव्हर’ नावाच्या आयएनआय फाइलमध्ये होती, तर सोनीच्या पीएसपीवर गाजलेल्या जीपीएसपी या एम्युलेटरची गेम-कॉन्फिग नावाच्या टेक्स्ट फाइलमध्ये. गेममध्ये फेरफार (रॉम-हॅक) करणाऱ्याने ते चार अक्षरी कोड बदलले की यादीचा उपयोग संपतो आणि चिप ६४ केबीची धरली जाते. उपाय सोपा: सेव्ह टाइप हाताने ‘फ्लॅश १२८ केबी’ करा आणि गेम पुन्हा सुरू करा.

पुढे प्रत्येक एम्युलेटरने त्या उघड्या प्रतीला आपापली शेपटी जोडली, आणि आकडे बिघडले. एमजीबीए हा एम्युलेटर घड्याळाची वेळ शेवटच्या १६ बाइटांत ठेवतो, म्हणून फाइल १,३१,०८८ ची दिसते. घड्याळ असलेल्या गेम बॉय गेमना व्हिज्युअलबॉयअॅडव्हान्स ४४ किंवा ४८ बाइट जोडतो. गॅम्बाटे हा एम्युलेटर मात्र वेळ वेगळ्या आरटीसी फाइलमध्ये ठेवतो, त्यामुळे तिकडे नेल्यावर खेळ राहतो पण घड्याळ चुकते. रेट्रोआर्च हा अनेक एम्युलेटर एकाच जागी चालवणारा प्रोग्राम, त्यातल्या प्रत्येकाला कोअर म्हणतात. त्यातल्या व्हीबीए नेक्स्टची एसआरएम नावाची सेव्ह फाइल १,३९,२६४ बाइटांची असते: आधी १,३१,०७२ बाइट फ्लॅश किंवा एसरॅमसाठी, त्यामागे ८,१९२ बाइट ईईप्रॉमसाठी. ती एमजीबीएला द्यायची तर फ्लॅशवाल्या गेमसाठी सुरुवातीचा तुकडा ठेवा, ईईप्रॉमवाल्यासाठी शेवटचा. नुसते नाव बदलून ईईप्रॉमचा गेम उघडत नाही, कारण सुरुवातीला सगळी रिकामी जागा असते. रेट्रोआर्चमध्ये सेव्ह आकुंचित करण्याचा पर्याय चालू असेल तर फाइल ‘आरझिप’ने सुरू होते आणि इतरांना ती वाचता येत नाही. तो पर्याय बंद करून गेममध्ये पुन्हा एकदा सेव्ह करा.

निन्टेन्डो डीएसच्या बाबतीत डेस्म्यूमे या एम्युलेटरने चांगुलपणा दाखवला. त्याच्या डीएसव्ही फाइलच्या शेवटी १२२ बाइटांचे तळटिपण असते आणि त्यातच लिहिलेले असते की याच्या वर कापा म्हणजे शुद्ध सेव्ह मिळेल. ५,२४,४१० बाइटांची फाइल कापली की ५,२४,२८८ उरतात, म्हणजे बरोबर ५१२ केबी. कन्सोलवरच्या फ्लॅशकार्डाची (मेमरी कार्डावरचे गेम चालवणाऱ्या काडतुसाची) सेव्ह शुद्धच असते, म्हणून कन्सोलवरून संगणकावर आणताना कापाकापी लागत नाही, उलट नेताना लागते.

पीएसपीवरच्या प्लेस्टेशन गेमचे गणित याहून सरळ आहे. मेमरी स्टिकवर ‘पीएसपी’ फोल्डरात ‘सेव्हडेटा’, त्यात गेमच्या क्रमांकाचे फोल्डर, आणि तिथे व्हीएमपी नावाची आभासी मेमरी कार्डे असतात. प्रत्येकीचा आकार १,३१,२०० बाइट: आधी १२८ बाइटांचे शीर्ष, मग जुन्या मेमरी कार्डाची पूर्ण प्रत. हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट दाखवून बदलू देणाऱ्या प्रोग्राममध्ये) पहिले १२८ बाइट उडवा. आता फाइलची पहिली दोन अक्षरे ‘एम’ आणि ‘सी’ दिसली आणि आकार १,३१,०७२ आला, की एमसीआर नावाने सेव्ह करा. हेक्स नको असेल तर मेमकार्डरेक्स हा प्रोग्राम व्हीएमपी थेट उघडतो. परत पीएसपीकडे नेणे तितके सोपे नाही, कारण त्या शीर्षात सही असते आणि ती नव्याने करून द्यावी लागते.

आजच्या मियू मिनीसारख्या हातातल्या उपकरणांवर ही सगळी मंडळी एकाच कार्डावर नांदतात. मियू मिनीवरच्या ओनियन ओएस या प्रणालीत ‘सेव्हज’ फोल्डरातल्या ‘करंटप्रोफाइल’मध्ये पुन्हा ‘सेव्हज’ आणि ‘स्टेट्स’ अशी दोन फोल्डरे असतात. हवे ते पहिले. आत प्रत्येक कोअरचे वेगळे फोल्डर असते, म्हणून गेम कुठल्या कोअरवर खेळलात ते आठवा. गेममधल्या मेनूतून सेव्ह करा, एम्युलेटरमधून रीतसर बाहेर या, मगच कार्ड काढा. रेट्रोआर्चमध्ये ठरावीक अंतराने सेव्ह लिहिण्याची सोय बंद असेल तर एसआरएम फाइल गेम बंद करताना कार्डावर उतरते. त्याआधी बॅटरी संपली तर कार्डावर जुनीच प्रत सापडते. झेल्डाच्या रीसेट बटणाचीच ही नवी आवृत्ती. संगणकावर फाइलचे नाव रॉमच्या नावाशी अक्षर-न्-अक्षर जुळवा, कंसातल्या देशाच्या खुणेसकट. एमजीबीएला एसएव्ही लागते, रेट्रोआर्चला एसआरएम.

सेव्ह स्टेटचा मात्र मोह नको. तो चिपची नव्हे, चालू यंत्राच्या अंतरंगाची प्रत असतो: रॅम, प्रोसेसरची रजिस्टरे, पडद्याची स्थिती, सगळे त्या एम्युलेटरच्या स्वतःच्या मांडणीत. एका कोअरची स्टेट दुसऱ्याला कळत नाही, कित्येकदा नव्या आवृत्तीलाही नाही. शिवाय स्टेटच्या पोटात त्या क्षणाची सेव्हही असते. संगणकावर मागच्या महिन्याची स्टेट आपोआप उघडण्याचा पर्याय चालू राहिला, तर नुकतीच आणलेली चांगली एसआरएम स्मृतीत झाकली जाते आणि गेम बंद करताना फाइलवरही जुनी सेव्ह लिहिली जाते. म्हणून पहिल्यांदा उघडण्याआधी स्टेट आपोआप उघडणे बंद करा, आणि कार्डावरून आणलेल्या फाइलची एक प्रत दुसऱ्या फोल्डरात ठेवा.