रिमॅप आणि ट्यूनिंग बॉक्स: दोन्हीला ‘चिप’ म्हणणं आधी बंद करा

एसयूव्हीला दहा-बारा वर्षं झाली की तिच्या मालकाला एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: ‘चिप टाकून घे, गाडी पळेल.’ कुठली चिप, हे सांगणाऱ्यालाही धड माहीत नसतं. या एका शब्दाखाली दोन वेगळ्याच गोष्टी विकल्या जातात आणि लोक दर पाहून त्यातली स्वस्त घेऊन येतात. मीही आणली होती.

रिमॅप बहुतेकांना माहीत आहे. ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर; त्यातली फाइल वाचायची, डिझेल किती, केव्हा, टर्बोने हवा किती दाबायची, टॉर्क म्हणजे इंजिनाची ओढ कुठे अडवायची, हे तक्ते बदलायचे आणि फाइल परत लिहायची. बस्स.

ट्यूनिंग बॉक्स म्हणजे साबणाच्या वडीएवढी डबी. इंजेक्टरना दाबाखाली डिझेल पुरवणारी नळी म्हणजे रेल; तिचा दाब मोजणाऱ्या रेल प्रेशर सेन्सरचा कनेक्टर काढायचा, मध्ये ही डबी जोडायची. लावायला दहा मिनिटं, काढायला दहा मिनिटं. आणि विकणारा ठरलेलं वाक्य टाकतो: ‘साहेब, ईसीयूला हातच लावत नाही, म्हणून एकदम सेफ.’

सगळा घोळ या वाक्यात आहे. ईसीयूला हात लावत नाही हे खरं, पण धोका नेमका त्यामुळेच आहे. बॉक्स ईसीयूशी खोटं बोलतो.

मीटरची रिक्षा घ्या. फास्ट मीटर मुंबईकराला लगेच कळतं, खिशाला चटका बसतो. समजा मीटर उलट स्लो आहे. पन्नास रुपये झाले की उतरायचं, असं ठरवून तुम्ही बसलात. मीटरवर पन्नास होईपर्यंत रिक्षा दोन सिग्नल पुढे गेलेली असते आणि तुम्हाला वाटतं, बरोबर उतरलो. ईसीयू म्हणजे तो प्रवासी.

आता आकड्यांत. समजा ईसीयूला रेलमध्ये १३०० बार दाब हवा आहे आणि बॉक्स सेन्सरचा आकडा दहा टक्के कमी करून सांगतो. रेलमध्ये खरे १३०० बार असताना ईसीयूला ११७० दिसतात. तो दाब वाढवत नेतो आणि त्याला १३०० दिसेपर्यंत रेलमध्ये १४४० च्या वर गेलेलं असतं. दाब धोक्याच्या पातळीला गेला तर इंजिनाची ताकद तोडायचं कामही ईसीयूचंच. पण त्यासाठी तो जो आकडा बघतो, तोही बॉक्सने सांगितलेलाच. वॉचमनच्या डोळ्यावर पट्टी बांधायची आणि वर म्हणायचं, वॉचमनला हात लावलेला नाही!

एवढं करून मिळतं काय? इंजेक्टर म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारा भाग; त्याच्या नोझलमधून जाणारं डिझेल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे दाब अकरा टक्के वाढला तर डिझेल साधारण पाच टक्के. नुसत्या दाबावर वीस टक्के डिझेल जास्त हवं असेल तर दाब ४४ टक्के वाढवावा लागेल. माझ्या २०११ च्या गाडीच्या पिढीत अशा रेलच्या (कॉमन रेल) सिस्टिमची कमाल मर्यादा १६०० बारच्या घरात असते. १३०० वर ४४ टक्के चढवून बघा. हा भार पंप आणि इंजेक्टरने सोसायचा, तेही लाखभर किलोमीटर चाललेल्या. रिमॅपमध्ये दाब जवळपास तोच ठेवून इंजेक्टर किंचित जास्त वेळ उघडा ठेवता येतो, आणि त्याच हिशेबाने टर्बोची हवाही वाढवता येते.

हवेचं तर लोक विसरतातच. हवा किती येते ते पाहून, धूर होणार नाही एवढंच डिझेल सोडायचं, असा ईसीयूचा हिशेब असतो. बॉक्समुळे त्याने ठरवलं त्यापेक्षा जास्त डिझेल जातं आणि त्याला पत्ताच नसतो. मग काळा धूर, तापलेला एक्झॉस्ट, भाजून निघणारा टर्बो. काही महागडे बॉक्स बूस्टच्या, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब मोजणाऱ्या, सेन्सरलाही जोडतात, ते जरा बरे. खोटं मात्र दोन ठिकाणी बोलतात, एवढाच फरक.

माझी २०११ ची स्कॉर्पिओ, एमहॉक इंजिनाची. कसारा घाटात मागून येणारा भाऊ वर पोचल्यावर म्हणाला, ‘अरे, तुझ्या मागे रस्ताच दिसत नव्हता.’ आमच्या मिस्त्रींनी स्कॅनर लावला. रेल प्रेशर अगदी पुस्तकातल्यासारखं. साहजिकच, स्कॅनर ईसीयूलाच विचारतो. अर्धा दिवस ईजीआर, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात पाठवणारा व्हॉल्व्ह, खोलून साफ करण्यात गेला. मग एअर फिल्टरच्या डब्याखालची डबी त्यांच्या हाताला लागली. ‘अहो, हे आधी सांगायचं ना!’ मी काय बोलणार?

बाकीचे फरक किरकोळ. बॉक्स काढून विकता येतो, रिमॅप नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची (गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम) किंवा इन्शुरन्सची चिंता असेल तर इन्शुरन्सवाल्यापासून लपवलेला बदल तो बदलच, डबीतला असो वा फाइलमधला. पेडल बॉक्स ही तिसरीच वस्तू. ताकद शून्य, फक्त थोडं दाबलेलं पेडल जास्त दाबल्यासारखं कळवतो. आणि ताकद वाढेल म्हणून तेल लावलेले कॉटन एअर फिल्टर कृपा करून नकोत. शहरभर खोदकाम चालू आहे, ती धूळ आत जाते आणि तेल हवा मोजणाऱ्या मास एअर फ्लो सेन्सरवर बसतं.

रिमॅप म्हणजे देवाचा प्रसाद, असंही नाही. तुमच्या गाडीचीच फाइल वाचून, मूळ फाइलची कॉपी तुमच्या हातात देऊन, चालवताना रिडिंग घेऊन काम करणारा माणूस हवा. इंटरनेटवरून उतरवलेली फाइल सगळ्यांना एकच ठोकणारा नको. जास्तीचा टॉर्क आधी क्लच खातो, आणि सायन सर्कलला रोज अर्धा तास क्लचवर काढणाऱ्या गाडीत खायला उरलेलं असतंच किती! म्हणून आधी इंजेक्टरची रिटर्न चेक (डिझेल किती परत जातं ते), क्लच आणि टर्बोच्या हवेचे होज म्हणजे पाइप बघून घ्या. ते ठीक असेल तर माझं मत सौम्य रिमॅपला.

मी मात्र तोही केला नाही. डबी काढल्यावर मिस्त्रींनी टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा होज हाताने दाबून पाहिला. क्लॅम्पपाशी बोटभर चीर, आजूबाजूला तेलकट काळं. टर्बोची हवा तिथूनच सुटत होती, बहुधा डबी घेण्याच्याही आधीपासून. होज बदलला. पुढच्या रविवारी कसारा तिसऱ्या गिअरवर चढलो, भाऊ मागेच होता.