व्हिडिओवरची अक्षरे भुरकट का होतात?

मुंजीच्या किंवा बारशाच्या व्हिडिओवर नाव, तारीख आणि स्थळ उमटवणे हे आता मोबाइलवर काही मिनिटांत होणारे काम आहे. तरीही संपादन करताना ठसठशीत दिसलेली अक्षरे नातेवाइकांच्या फोनवर पोहोचतात तेव्हा पुष्कळदा कडेने भुरकट झालेली असतात, लाल अक्षरांचा रंग आजूबाजूला पसरलेला असतो आणि खालून वर सरकणारी नामावली वाचताना डोळे शिणतात. याचा दोष दर वेळी संपादन करणाऱ्याकडे नसतो. व्हिडिओ साठवण्याची आणि पाठवण्याची पद्धत ही चेहरे, कपडे, आकाश अशा हळूहळू पालटणाऱ्या छटांसाठी बेतलेली आहे, तर अक्षराचे सगळे अस्तित्व त्याच्या एकाएकी संपणाऱ्या कडेत असते.

फॉन्टमध्ये अक्षर चित्र म्हणून साठवलेले नसते. त्याच्या बाह्यरेषेचे गणिती वक्र तेवढे साठवलेले असतात. हव्या त्या आकारात अक्षर काढताना संगणक त्या वक्रांच्या आतले बिंदू, म्हणजे पिक्सेल, रंगवतो. अडचण येते ती कडेवरच्या पिक्सेलची, कारण त्याचा काही भाग अक्षराच्या आत आणि काही बाहेर असतो. अशा पिक्सेलला रंगाबरोबरच अपारदर्शकतेचाही एक आकडा द्यावा, ही कल्पना संगणकीय चित्रणाचे संशोधक एड कॅटमल आणि आल्वी रे स्मिथ यांनी १९७७ च्या सुमारास मांडली. तिला ‘अल्फा’ म्हणतात, आणि १९८४ मध्ये थॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी अल्फाच्या आधारे एका चित्रावर दुसरे चित्र बसवण्याचे नियम पक्के केले. पांढऱ्या अक्षराच्या कडेवरचा एखादा पिक्सेल ४० टक्के झाकला गेला असेल, तर तेथे ४० टक्के पांढरा आणि ६० टक्के मागच्या शालूचा रंग मिसळतो, आणि डोळ्याला पायऱ्यांऐवजी गुळगुळीत वळण दिसते. अक्षरे आधीच काळ्या पार्श्वभूमीवर तयार करून नंतर उजळ दृश्यावर चिकटवली, तर कडेच्या पिक्सेलमध्ये तो काळा रंग अडकून राहतो आणि अक्षरांभोवती मळकट किनार दिसते.

इथपर्यंत सगळे ठीक असते. व्हिडिओची फाइल बनू लागते तेव्हा पहिली काटछाट होते ती रंगाची. मानवी डोळा उजेड-अंधारातला फरक फार बारकाईने टिपतो, रंगातला फरक त्या मानाने ढोबळपणे. म्हणून घरगुती व्हिडिओच्या बहुतेक प्रकारांत प्रत्येक पिक्सेलची उजळता स्वतंत्र नोंदवली जाते, पण रंग मात्र शेजारच्या चार पिक्सेलना मिळून एकच दिला जातो. चेहऱ्यावर हे कळतही नाही. हिरव्या शालूवर लाल अक्षरे टाकली, की दोन्हींची उजळता जवळपास सारखी असल्यामुळे अक्षराची कड केवळ रंगाच्या भरवशावर उभी राहते, आणि नेमका रंगच ढोबळ साठवलेला असतो. जुन्या व्हीएचएस फितींत ही अडचण कितीतरी अधिक होती: उजळतेचा तपशील आडव्या दिशेने सुमारे २४० रेषांइतका, तर रंगाचा जेमतेम ४० रेषांच्या आसपास. नव्वदीच्या दशकातल्या लग्नाच्या कॅसेटवरचे लाल ‘शुभविवाह’ रेषेबाहेर सांडलेले दिसते, ते यामुळेच. पांढरे किंवा फिकट पिवळे अक्षर आणि त्याला काळी बारीक बाह्यरेषा, हा जुनाच उपाय अजूनही सर्वांत भरवशाचा आहे, कारण मागचे दृश्य उजळ असो वा गडद, अक्षराची एक तरी कड उजळतेच्या फरकाने उठून दिसते.

दुसरी काटछाट अधिक खोल जाते. २००३ मध्ये प्रमाणित झालेल्या आणि आजही सर्वत्र वापरात असलेल्या एच.२६४ या व्हिडिओ आकुंचनाच्या पद्धतीत चित्राचे ४×४ किंवा ८×८ पिक्सेलचे ठोकळे पाडून प्रत्येक ठोकळा ठळक आणि बारीक लहरींच्या बेरजेत मांडला जातो, आणि जागा वाचवण्यासाठी बारीक लहरींवर सर्वांत आधी कात्री चालते. गालावरच्या छटेला बारीक लहरी लागतच नाहीत. अक्षराच्या कडेला मात्र त्या सगळ्याच लागतात. काही गळाल्या की कडेभोवती धुरकट वलये उमटतात, आणि लहान अक्षरांतले अनुस्वार पुसले जातात. त्यातच दर सेकंदाला खर्चायची माहिती मर्यादित असते. अक्षता उधळल्या जात असताना त्या शेकडो दाण्यांची हालचाल बरीचशी माहिती खाऊन टाकते आणि त्याच क्षणी पडद्यावर असलेल्या वधूवरांच्या नावांच्या वाट्याला उरलेसुरले येते. नावे द्यायचीच असतील तर ती मंडपाच्या स्थिर दृश्यावर द्यावीत. फाइल पाठवताना व्हॉट्सॲप तिचे पुन्हा आकुंचन करते, म्हणून संपादकाच्या पडद्यावर जेमतेम वाचता येणारे अक्षर पुढे टिकेल असे समजू नये.

देवनागरीची एक जादा अट आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे नोंदवण्याच्या प्रमाण पद्धतीत, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर नोंदवलेली असते पण दिसते व्यंजनाआधी. रफारही असाच जागा बदलून शिरोरेषेवर चढतो. ही फेरमांडणी न करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेलांट्या भलतीकडे जातात आणि जोडाक्षरे सुटी होतात. अशा वेळी मजकूर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पारदर्शक पार्श्वभूमीच्या चित्राच्या रूपात तयार करून व्हिडिओवर ठेवणे सोपे पडते.

हलत्या अक्षरांचा प्रश्न वेगळा आहे, कारण तेथे पडद्याइतकाच डोळाही हलत असतो. स्थिर मजकूर वाचताना नजर उड्या मारत जाते आणि प्रत्येक थांब्यावर साधारण पाव सेकंद टिकते. मजकूर सरकू लागला की डोळा त्याच्या मागे अखंड गतीने वाहत जातो. पडद्यावरचे अक्षर मात्र अखंड सरकत नाही. सेकंदाला ३० चित्रे असतील तर ते एका जागी १/३० सेकंद थबकते आणि मग उडी घेते. त्या थबकण्याच्या काळात डोळा पुढे गेलेला असल्यामुळे अक्षर डोळ्याच्या पडद्यावर फरपटले जाते, आणि ही फरपट सुमारे एका चित्रातल्या उडीएवढी असते. आडव्या पट्टीतले अक्षर दर चित्रात ६ पिक्सेल सरकत असेल आणि त्याच्या कान्याची जाडी ८ पिक्सेल असेल, तर काना जवळजवळ स्वतःच्या रुंदीएवढा पसरतो. म्हणूनच वेगवान पट्टी कितीही स्पष्ट साठवली तरी अस्पष्ट दिसते. वेग कमी करणे, अक्षरे जाड ठेवणे किंवा सेकंदाला ६० चित्रांचा व्हिडिओ बनवणे, एवढेच मार्ग हाती राहतात.

वेग ठरवताना दर चित्रामागे पूर्णांकी पिक्सेल धरावेत. १०८० पिक्सेल उंचीच्या पडद्यावर नामावली दर चित्रात ३ पिक्सेल चढली, तर सेकंदाला ३० चित्रांच्या हिशेबाने प्रत्येक ओळ १२ सेकंद दिसते. ४ पिक्सेलने ९ सेकंद. मधलाच सव्वातीनसारखा वेग दिला, तर अक्षर दर वेळी पिक्सेलच्या वेगवेगळ्या अंशावर पडते आणि आडव्या रेषा थरथरतात. रोमन लिपीत हे खपून जाते, देवनागरीत सबंध ओळभर पसरलेली शिरोरेषाच थरथरू लागते. सेकंदाला २५ चित्रांचा व्हिडिओ ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र ताजे करणाऱ्या, फोनवर चालवला की आणखी एक गोम निघते: ६० ला २५ ने पूर्ण भाग जात नसल्यामुळे काही चित्रे दोनदा आणि काही तीनदा दाखवली जातात, आणि सरकणारी ओळ अडखळते. दूरचित्रवाणीच्या काळापासून २५ हा आपल्याकडचा रूढ आकडा असला, तरी फोनवरच पाहिल्या जाणाऱ्या व्हिडिओसाठी ३० अधिक सोयीचा.

उडत, गिरक्या घेत येणाऱ्या नावांबद्दल मी फारसा उत्साही नाही. हालचाल हवीच असेल तर नाव आत येताना वेग हळूहळू मंदावू द्यावा आणि ते पुरते थांबल्यावरच वाचनाचा वेळ मोजायला सुरुवात करावी. उपशीर्षकांत दोन पूर्ण ओळींना ६ सेकंद देण्याचा प्रघात आहे. घरच्या व्हिडिओत आजी-आजोबाही वाचक असतात, तेव्हा मजकूर एकदा सावकाश मोठ्याने वाचून त्याला लागलेल्या वेळात एक-दोन सेकंदांची भर घालावी. टीव्ही चित्राच्या कडा थोड्या कापण्याची शक्यता असल्यामुळे सर्व अक्षरे रुंदी-उंचीच्या मधल्या ९० टक्क्यांत ठेवण्याचा प्रसारणातला नियम येथेही लागू पडतो. उभ्या व्हिडिओत तर खालची बाजू बहुधा ॲपच्या बटणांखालीच जाते, त्यामुळे तेथे तारीख टाकू नये.