सेमी इंग्रजी माध्यमिक शाळा

महाराष्ट्रातील मराठी शाळांनी स्वीकारलेली द्विभाषिक शिक्षणपद्धती. गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि इतिहास, भूगोल आदी विषय मराठीतून, अशी तिची विभागणी असते. मराठी ही प्रथम भाषा कायम राहते आणि इंग्रजी तृतीय भाषा, म्हणून कागदोपत्री शाळा मराठी माध्यमाचीच ठरते. पालकांच्या तोंडी नुसते ‘सेमी’.

या पद्धतीचे कारण दहावीच्या पुढे आहे. अकरावीची विज्ञान शाखा इंग्रजीतूनच शिकावी लागते. त्यामुळे मराठीतून उत्तम गुण मिळवलेली मुलेही कनिष्ठ महाविद्यालयात आल्यावर सुरुवातीला अडखळत. त्यावर तोडगा म्हणून अनेक शाळांनी आठवीपासून या दोन विषयांचे माध्यम बदलले. 2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी विषय आला. तोवर तो पाचवीपासून असे. पुढे सेमी खालच्या वर्गांतही उतरले. इंग्रजी शाळांकडे जाणारी मुले थोपवून पटसंख्या टिकवणे, हा त्यामागचा उघड हेतू होता.

सेमीसाठी सहसा स्वतंत्र शाळा काढत नाहीत. त्याच शाळेतील एक-दोन तुकड्या सेमीच्या केल्या जातात. दहावीची गणित-विज्ञानाची पुस्तके बालभारतीच्या इंग्रजी माध्यमाची असतात. दहावीला बीजगणित, भूमिती आणि विज्ञान व तंत्रज्ञानाचे दोन भाग, अशा प्रत्येकी 40 गुणांच्या चार उत्तरपत्रिका विद्यार्थी इंग्रजीत लिहितो. बाकीच्या मराठीत, अर्थात भाषाविषय सोडून.

वर्गातला व्यवहार मात्र वेळापत्रकाइतका काटेकोर नसतो. फळ्यावर प्रमेय इंग्रजीत लिहिले जाते, ते का खरे आहे हे मराठीत सांगितले जाते आणि वहीत पुन्हा इंग्रजी उतरते. शिकवणारे अनेक शिक्षक स्वतः मराठीतून शिकलेले असतात. या सरमिसळीला काही जण कमीपणा मानतात. खरे तर समजण्याचे काम तिथेच होते. अडचण येते ती लिहिताना. कल्पना कळलेली असूनही वाक्य जुळत नाही, मग मुले व्याख्या आणि ‘कारणे द्या’ची उत्तरे पाठ करतात.

याहून गंभीर दोष तुकड्यांच्या वाटपात आहे. बऱ्याच ठिकाणी जास्त गुणांची मुले सेमीत घेतली जातात आणि उरलेली ‘मराठी तुकडी’ आपोआप दुय्यम ठरते. भाषेच्या नावाखाली ही गुणवत्तेची चाळणीच झाली.

मलेशियाने 2003 मध्ये हेच दोन विषय देशभर इंग्रजीत नेले. 2009 मध्ये माघार जाहीर करून 2012 पासून ते टप्प्याटप्प्याने पुन्हा मातृभाषांकडे वळवले. भारताच्या 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विज्ञान व गणितासाठी दर्जेदार द्विभाषिक पाठ्यपुस्तके सुचवली आहेत. दोन भाषांत शिकणाऱ्या सेमीच्या विद्यार्थ्याला दहावीत मात्र गणिताचे पुस्तक एकाच भाषेतले मिळते.