छपाई यंत्राचे हस्तांतरण आणि निर्लेखन: एक नेहमीची गल्लत

साताऱ्यातील एखाद्या शासकीय कार्यालयात नवे झेरॉक्स यंत्र आले की जुना डुप्लिकेटर (प्रती काढण्याचे यंत्र) अभिलेख कक्षाच्या कोपऱ्यात सरकतो आणि पुढच्या जडवस्तू (टिकाऊ सामान) पडताळणीत त्याच्यासमोर ‘निर्लेखनास योग्य’, म्हणजे नोंदवहीतून कायमचे काढून टाकण्यास योग्य, असा शेरा पडतो. यंत्र व्यवस्थित चालत असतानाही असा शेरा पडावा, हे मला मनापासून खटकते; कारण आपल्या कार्यालयाला वस्तू नको असणे निराळे आणि ती कोणाच्याच कामाची नसणे निराळे.

केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ मधील नियम २१७ अतिरिक्त, कालबाह्य आणि निरुपयोगी असे तीन शब्द वापरतो आणि वस्तू तशी का ठरवली याची कारणे नोंदवायला सांगतो. राज्य शासनाच्या कार्यालयांना मुंबई वित्तीय नियम, १९५९ लागू असले, तरी हा भेद त्यांनीही पाळण्याजोगा आहे.

हस्तांतरणात मालमत्ता शासनाचीच राहते. सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने ती देणाऱ्याच्या जडवस्तू नोंदवहीतून कमी होते आणि घेणाऱ्याच्या नोंदवहीत जमा होते. दोन्ही नोंदी जुळल्या नाहीत, तर लेखापरीक्षणात यंत्र हरवलेले दिसते. म्हणून पोचपावती, सुटे भाग आणि दुरुस्तीच्या नोंदी यंत्राबरोबरच जायला हव्यात. निर्लेखनात मात्र नोंद कायमची संपते, यंत्र विकले जाते आणि रक्कम शासनजमा होते. केंद्रीय नियमांनुसार अंदाजित अवशिष्ट किंमत (वापरानंतर उरलेली किंमत) २ लाख रुपयांहून अधिक असल्यास जाहीर निविदा किंवा सार्वजनिक लिलाव करावा लागतो. चालू ऑफसेट यंत्र असे भंगाराच्या भावाने गेले आणि शेजारच्या कार्यालयाने तसेच यंत्र नव्याने विकत घेतले, तर तो खर्च जनतेच्याच पैशातून होतो.

जिल्हा परिषदेला यंत्र देताना अधिक काळजी लागते, कारण महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ नुसार ती स्वतंत्र निगम निकाय, म्हणजे स्वतःचे कायदेशीर अस्तित्व असलेली संस्था, आहे. तेथे केवळ नोंदवही बदलत नाही, तर मालकीच बदलते, आणि म्हणून मंजुरीचा आदेश तसा स्पष्ट असावा लागतो.

खरोखरच निकामी झालेले डिजिटल यंत्र साध्या भंगारवाल्याला देता येत नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे ते नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरणकर्ता किंवा पुनर्चक्रणकर्ता यांच्याकडेच जायला हवे. ओतीव लोखंडाच्या जुन्या ट्रेडलला (पायाने चालवायच्या छपाई यंत्राला) हा नियम लागत नाही. मोठ्या डिजिटल यंत्रांत बहुधा हार्ड डिस्क असते आणि कागदपत्रांच्या प्रतिमा तीत उरू शकतात, त्यामुळे यंत्र दुसऱ्या कार्यालयात जावो वा भंगारात, ती आधी पुसून तसा दाखला धारिकेत लावावा.