मैदान सोडण्याचे धैर्य

नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर सराव करताना एखाद्या मुलाच्या हेल्मेटवर चेंडू आदळला, की ‘काही झालं नाही, उभा राहा’ हे वाक्य आजही हमखास कानावर येते. त्याने पॅडचे पट्टे सोडायला घेतले, तर पोराने कच खाल्ली असे धरले जाते.

ही समजूत जुनी आहे. १९३२-३३ च्या शरीरवेधी (बॉडीलाइन), म्हणजे फलंदाजाच्या अंगाच्या रोखाने टाकलेल्या गोलंदाजीपुढे विना-हेल्मेट उभे राहणे हेच धाडस होते. कसोटीत हेल्मेट आले ते १९७८ मध्ये. १९६२ मध्ये बार्बाडोसला चेंडू लागून आपला कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर याची कवटी फुटली आणि तो पुन्हा कसोटी खेळला नाही. पण आपल्या पिढीच्या मनावर कोरले गेले ते २००२ चे अँटिगा: मोडलेला जबडा, डोक्याभोवती पट्टी आणि अनिल कुंबळेची सलग चौदा षटके. त्या जिगरीला उणे लेखण्याचा प्रश्नच नाही; मात्र तेथे जखम दिसत होती.

मेंदूला बसलेला धक्का दिसत नाही. मराठी बातम्यांत त्याला सरसकट ‘डोक्याला मार’ म्हणतात आणि त्यामुळे रक्त नाही म्हणजे इजा नाही, असा अर्थ आपोआप निघतो. २०१४ मध्ये सिडनीत मानेवर चेंडू लागून एका फलंदाजाचा मृत्यू झाला, तेव्हा ही चर्चा तीव्र झाली. १ ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत मेंदूला असा धक्का बसलेल्या खेळाडूच्या जागी फलंदाजी-गोलंदाजी करू शकणारा बदली खेळाडू देण्याची मुभा मिळाली. त्याच महिन्यात लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर नियमाची कसोटी लागली. ऐंशी धावांवर असलेल्या स्टीव्ह स्मिथ या ऑस्ट्रेलियन फलंदाजाच्या मानेवर चेंडू बसला, तो बाहेर गेला, तपासणीत उत्तीर्ण झाला आणि सुमारे पाऊण तासाने परतून ब्याण्णववर बाद झाला. प्रेक्षकांना ते शौर्य वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्रास जाणवू लागला, तपासणीचा निकाल बिघडला आणि त्याला सामन्यातून काढावे लागले. माझ्या मते त्याला परत पाठवण्याचा निर्णय चुकीचाच होता, कारण अशा धक्क्याची लक्षणे उशिरा उमटू शकतात आणि खेळण्याची इच्छा हा तपासणीचा निकष होऊच शकत नाही. त्याच्या जागी उतरलेल्या खेळाडूच्या हेल्मेटच्या जाळीवर त्याच्या डावातला दुसराच चेंडू आदळला. त्याने एकोणसाठ धावा केल्या.

कसोटीत मैदान सोडण्याचा हा निर्णय डॉक्टर आणि सामनाधिकाऱ्यांच्या हाती गेला आहे. सीमारेषेवर डॉक्टर नसलेल्या शालेय सामन्यात तो अजूनही प्रशिक्षक, नाहीतर खुद्द तो बारा-तेरा वर्षांचा मुलगाच घेतो.